तर्री : एका जाड, तिरप्या अक्षराच्या नोंदी

९ जून २०२५, सोमवार

काम आलं. महालातल्या एका मंडळाची तीन पोरं सकाळीच धंतोलीच्या खोलीवर येऊन बसली. मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची नागपूरची पुतळ्यांची मिरवणूक, २३ ऑगस्टला. यंदा त्यांचे दोन बडगे (टोमणा मारणारे पुतळे) आहेत, एक महागाईचा आणि एक खड्ड्यांचा. बडग्यांच्या गळ्यातल्या पाट्या, मिरवणुकीपुढचं कापड, टीशर्ट, सगळं एकाच अक्षरात हवं. मागच्या वर्षीचा फोटो दाखवला. फ्लेक्सवाल्यानं हाताशी होता तो फाँट ओढूनताणून तिरपा केलेला. 'महागाई'तला ई कोणी तरी धक्का दिल्यासारखा उभा.

"ताई, जाड पाहिजे अन् पळतं पाहिजे," त्यातला धाकटा म्हणाला.

इतकी नेमकी मागणी मला आजवर कोणत्याही कंपनीनं लिहून दिलेली नाही. जाड आणि पळतं, म्हणजे बोल्ड इटॅलिक. एकच वजन, एकच कल, फक्त मोठ्या आकारासाठी. हो म्हणून टाकलं. पैशांचं बोलणं राहिलं, ते नेहमी राहतंच.

फाइलला काही तरी नाव द्यायचं म्हणून 'तर्री' दिलं. समोर पोह्यांची प्लेट होती, वर तर्री, म्हणजे लाल तिखट रस्सा.

१२ जून

दुपारभर इतवारी, गांधीबाग, महाल. हातानं रंगवलेल्या पाट्या शोधत. फ्लेक्सनं बहुतेक गिळल्या, पण गल्लीच्या आत शटरवर, गोदामाच्या भिंतीवर, पानठेल्याच्या कपाळावर अजून आहेत. तिरपी अक्षरं असलेल्या अकरा पाट्यांचे समोरून फोटो काढले आणि घरी येऊन कोन मोजले. सगळ्यात कमी ७ अंश, सगळ्यात जास्त ११. मी मनात १२ धरून बसले होते, कारण रोमन इटॅलिक काढताना हात तिकडेच जातो.

एका शटरखाली पेंटरकाका भेटले. चाळीस वर्षं ब्रश चालवतात, ट्रकच्या मागच्या फळ्यांपासून कुस्तीच्या दंगलीच्या पाट्यांपर्यंत. फाँट म्हणजे काय ते त्यांना माहीत आहे, आदर अजिबात नाही.

"कम्प्युटरले तिरपं करता येते न? मंग तू कायले फिरून राहिली उन्हातान्हात?"

उत्तर नव्हतं. सोमवारपर्यंत शोधते म्हटलं.

१६ जून, सोमवार

शोधलं. जरा लांब लिहिते, कारण सगळं काम आता यावर उभं राहणार आहे.

एक सरळ जाड 'मारबतवर' काढला. दंडाची जाडी १९० युनिटं, शिरोरेषा ११० (एक हजार युनिटांच्या चौकटीत). मग तो सॉफ्टवेअरमध्ये १२ अंश ढकलला. ढकलणं म्हणजे प्रत्येक बिंदू त्याच्या उंचीच्या प्रमाणात उजवीकडे सरकवणं. आडव्या रेघांना यात काहीच होत नाही, शिरोरेषा ११० ची ११०. उभा दंड दोनेक टक्क्यांनी बारीक होतो, डोळ्याला कळतही नाही. खरी गंमत तिरक्या रेघांत आहे. खालून वर उजवीकडे जाणारी चढती रेघ ताणली जाते आणि बारीक होते. वरून खाली उजवीकडे येणारी उतरती रेघ आखडते आणि फुगते. ४५ अंशांच्या रेघेचा हिशेब केला: चढती सुमारे दहा टक्क्यांनी बारीक, उतरती अकरा टक्क्यांनी जाड.

आता 'र'चा पाय ही उतरती रेघ. 'मारबतवर'च्या शेवटी तो असा सुजला होता की हत्तीपाय झाल्यासारखा वाटावा.

रोमन अक्षरात हे खपून जातं. रुंद टाकानं लिहिलेल्या रोमनमध्ये उतरती रेघ मुळातच जाड आणि चढती बारीक. ढकलल्यानं असलेलाच स्वभाव थोडा वाढतो. आपला बोरू मात्र उलटा कापलेला असतो. देवनागरीत चढती रेघ जाड, उतरती बारीक. म्हणजे यंत्र नेमकं जिथे मांस नको तिथे चढवतं, आणि हवं तिथून काढून घेतं.

२१ जून, शनिवार

काकांकडे गेले, हे दाखवायला. त्यांनी कागद बाजूला सारला. "आकडे राहू दे, करून पाहू."

माझ्याकडे बोरू होता, पण फार बारीक. त्यांनी पुठ्ठ्याची १० मिलिमीटर रुंद पट्टी कापली, काठ लाल ऑइलपेंटमध्ये बुडवला आणि बोरूच्या कोनात धरून वर्तमानपत्रावर दोन दंड ओढले. एक सरळ, एक उजवीकडे कललेला. पट्टीचा कोन तोच, मनगट हललं नाही. वाळायची वाट न बघता मोजपट्टी लावली (बोटांना रंग, मोजपट्टीलाही). सरळ दंड सात मिलिमीटरचा. कललेला आठाच्या पुढे, साडेआठच्या जरा आत.

घरी येऊन त्रिकोणमिती करून पाहिली: ७.१ आणि ८.४. काकांच्या हातात गणित चुकत नाही.

म्हणजे देवनागरीत उजवीकडे कलणं म्हणजे आपोआप जाड होणं. पोरांनी 'जाड अन् पळतं' एका दमात मागितलं ते बरोबरच होतं. ठरलं: ढकलायचं काहीच नाही. कललेला सांगाडा आधी, मग त्यावर बोरूच्या हिशेबानं मांस. प्रत्येक अक्षर नव्यानं.

निघताना काका म्हणाले, "अन् त्याच्या पुढं जागा ठेवत जाय. पळणाऱ्याले भिंतीवर नको आपटू." हे टेबलासमोर चिकटवलं.

२५ जून

एक आडवळण. मोडी हीच आपली इटॅलिक नाही का? वेगासाठी जन्मलेली, बोरू शक्यतो न उचलता लिहायची, शिरोरेषा आधी ओळभर ओढून घ्यायची आणि मग अक्षरं खाली लटकवत जायची. युरोपातली इटॅलिकही हस्ताक्षरातूनच आली. व्हेनिसमध्ये आल्दुस मानुतिउस या प्रकाशकासाठी फ्रान्चेस्को ग्रिफ्फोनं १५०० च्या सुमारास ती धातूत कापली, आणि गंमत म्हणजे सुरुवातीला फक्त लहान अक्षरं तिरपी होती, मोठी सरळच. तर दोन दिवस मोडीच्या वळणाचे अ, क, ज काढून पाहिले. देखणे झाले. आईला दाखवले, तिला 'ज' वाचता आला नाही. मोडी परत फळीवर.

३० जून, सोमवार

कल १२ वरून १० वर आणला. मराठीत दंड फार. 'वाताहत' लिहिलं की एकामागे एक उभे खांब, आणि १२ अंशांवर ते वादळात कलंडलेल्या कुंपणासारखे दिसतात. रोमनमध्ये मध्ये ओ, सी, एस येऊन डोळ्याला विसावा देतात. आपल्याकडे काना ती सोय ठेवत नाही. दहावर कुंपण पळायला लागलं.

शिरोरेषेवर दोन दिवस गेले. पेंटर लोक तिरप्या शब्दाची शिरोरेषा बहुधा उजवीकडे चढवतात, कधी पाचरीसारखी डावीकडे निमुळती. त्यांना परवडतं, त्यांना तो एकच शब्द रंगवायचा असतो. नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडग्यांनी अक्षरांना जे चेहरे दिले, ते त्या त्या नावापुरते होते. फाँटचं दुखणं हे की माझा 'ग' कोणाच्या शेजारी जाऊन बसेल ते मला माहीत नाही. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा चढती काढली तर शब्दावर करवतीचे दाते उभे राहतात. काढून पाहिले, राहिले. शिरोरेषा सपाटच ठेवली. दोन्ही टोकं मात्र दंडाच्या कलानं कापली, आणि उजवं टोक पुढच्या अक्षरात २० युनिटं घुसवलं, म्हणजे छपाईत केसाएवढी फट राहायला नको.

८ जुलै

पाऊस. लाइट दोनदा गेली. 'ळ'ची एक पाकळी झाली.

११ जुलै

जाड अक्षरात शाई काढणं सोपं, पोकळी राखणं कठीण. 'भ' आणि 'थ'ची गाठ १९० च्या दंडाशेजारी बुजून ठिपका होते. गाठीतली पोकळी उघडी ठेवायला गाठ मोठी करावी लागते, गाठ मोठी केली की अक्षर रुंद होतं, रुंद झालं की पळत नाही. शेवटी गाठ भरूनच टाकली. भरीव थेंब, बोरूनं दाबून ठेवल्यासारखा. एकदा तो निर्णय घेतल्यावर सगळ्या गाठी तशाच: भ, थ, म, न. पेंटरही तेच करतात, मी महिनाभर बघत होते आणि दिसत नव्हतं.

'ल' पाकळीचाच. मराठी वळणाचा आकार फाँटमध्ये मुळातच बसवला. तो भाषेच्या सेटिंगवर सोडता येतो, पण फ्लेक्सच्या दुकानात कोणी भाषा निवडत बसत नाही.

१५ जुलै, मंगळवार

ज्या शब्दाचं नाव फाइलला दिलं तोच शब्द लिहिता येईना.

'तर्री'त र वर दुसरी वेलांटी, आणि त्यावर रफार. वेलांटीचा गोल डावीकडून येऊन काना पकडतो, आणि रफार बसायला जातो त्याच कान्याच्या डोक्यावर. सरळ बारीक अक्षरात दोघं दाटीवाटीनं मावतात. इथे वेलांटी जाड, कलामुळे तिचं डोकं आणखी उजवीकडे झुकलेलं, आणि रफार तिच्या पाठीवर चढून बसलेला. लांबून 'तरी' वाचलं जात होतं, वर काही तरी चिकटलंय इतकंच.

आधी वाटलं टेकूचे बिंदू चुकले. मात्रा आणि रफार अक्षराला ज्या बिंदूवर टेकतात ते कलाबरोबर सरकवावे लागतात. शिरोरेषेच्या ६४० उंचीवर ११३ युनिटं उजवीकडे, आणि खाली उकाराच्या २५० खोलीवर ४४ डावीकडे. ते मी केलं होतं. प्रश्न जागेचा होता. मग वेलांटी आणि रफार मिळून एकच नवं चिन्ह काढलं: वेलांटीचा गोल थोडा चपटा, रफाराचा कोयता त्याच्यातूनच फुटलेला, दोघांच्या मध्ये ३५ युनिटांची उघडी फट. अनुस्वारासकट आणखी एक. दीड दिवस गेला, पण 'गर्दी', 'वर्दी', 'सर्दी' सगळे एकदम सुटले. फाइलला 'पोहे' नाव दिलं असतं तर हे मिरवणुकीच्या आदल्या दिवशी कळलं असतं.

२४ जुलै

पहिली वेलांटी. टाइप करताना व्यंजनानंतर, दिसताना आधी, आणि तिची कमान पोहोचली पाहिजे व्यंजनाच्या दंडापर्यंत. 'रि'त आखूड, 'क्षि'त लांब. पाच लांब्या काढल्या. कंटाळवाणं काम, झालं.

'ऱ्या'साठी वेगळा चंद्राकार र. 'वाऱ्यावर' लिहून पाहिलं, छान उडतं.

२ ऑगस्ट, शनिवार

'खड्ड्यांचा'. मंडळाचा मुख्य शब्द आणि सगळ्यात अवघड. ड खाली ड, त्याला य, त्याला काना, वर अनुस्वार. परंपरेनं दोन ड एकाखाली एक. जाड अक्षरात ते इतकं खाली उतरतं की पुढच्या ओळीच्या वेलांट्यांत पाय घालतं. पहिल्या ड चा पाय मोडून आडवी जोडणी करून पाहिली, 'खड्‌ड्यांचा' असं. वाचता येतं, पण शब्द लांबतो आणि रस्त्यावर सांडल्यासारखा दिसतो. शेवटी उभीच ठेवली, दोन्ही ड बसके करून. मनाला पूर्ण पटलेलं नाही.

मधल्या आठवड्यात मंडळाकडून निरोप: मिरवणुकीचा मार्ग, वेळ, वर्गणीचे आभार, सगळं याच अक्षरात टाका. नाही म्हटलं. त्यांना चार ओळी सेट करूनच पाठवल्या, म्हणजे वाद नको. सगळी अक्षरं एकदम ओरडायला लागली की एकाचंही ऐकू येत नाही. बारीक मजकुराला 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' हा फाँट वापरला, सरळ, मोकळा, फुकट. 'तर्री'ला एका वेळी तीन-चार शब्द, बस.

७ ऑगस्ट

फाइलच्या आतली नोंदणी. वजन ७००, कल उणे १० (उजवीकडचा कल इथे उणे लिहितात, दरवेळी अडखळते). शैलीचं नाव बोल्ड इटॅलिक. खरं तेच सांगावं, कारण 'साधा' म्हणून नोंदवला तर कोणी तरी इटॅलिकचं बटण दाबणार आणि सॉफ्टवेअर तयार तिरप्या अक्षराला पुन्हा ढकलणार. सोळा जूनचा हत्तीपाय पुन्हा.

१४ ऑगस्ट, गुरुवार

वाईट दिवस. छपाईच्या दुकानात तीन गोष्टी घडल्या.

एक, त्यांच्याकडच्या जुन्या सॉफ्टवेअरला 'साधा' प्रकार नसलेला फाँट यादीत दिसेचना. गेल्या गुरुवारचा खरेपणा तिथेच संपला. तिथेच बसून लॅपटॉपवर दुसरी प्रत काढली, साधा म्हणून नोंदवलेली, नाव 'तर्री पाटी'.

दोन, दिसल्यावर जोडाक्षरं फुटली. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे, 'ड्ड्या'चे हलन्त उघडे. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे जुन्या पद्धतीचेच फाँट चालतात." त्या फाँटमध्ये मराठी आकार इंग्रजी कळांच्या जागी बसवलेले असतात, युनिकोडशी संबंध नाही. दुकानदाराला दोष नाही, त्याचं रोजचं काम त्यावर निघतं. माझ्याकडेच सगळे शब्द सेट करून, अक्षरांचे आकार करून पीडीएफ द्यायचं ठरलं.

तीन, व्हिनाइल, म्हणजे चिकट प्लास्टिकची शीट. बडग्याच्या पाटीसाठी लाल व्हिनाइलवर अक्षरं कापायला दिली. प्लॉटर रेघ दिसेल तिथे सुरी चालवतो. मी अभिमानानं २० युनिटं घुसवलेली शिरोरेषा त्यानं प्रत्येक जोडावर दोन्ही बाजूंनी कापली. सोलून काढायला गेलो तर 'मारबत' पाच तुकड्यांत हाती आला, आणि जोडाच्या जागी नखाएवढे तिरपे चौकोन पोरांच्या बोटांना चिकटलेले. धाकटा म्हणाला, "ताई, हे तर आपलं अक्षर पळूनच गेलं."

घरी येऊन सगळे शब्द जोडून एकसंध केले. प्रत्येक शब्द एक आकार. यात दोन तास गेले. हे आधी सुचायला काय हरकत होती?

२० ऑगस्ट

दुसऱ्यांदा कापलं. अखंड निघालं. पाट्यांच्या धंद्यातला ठोकताळा असा की दहा फुटांवरून नीट वाचायचं तर एक इंच उंची. रस्त्याच्या त्या टोकावरून म्हणजे साठेक फूट, म्हणून सहा इंच धरले. शब्दाच्या उजवीकडे एका अक्षराची जागा मोकळी सोडली. मुलांनी ताबडतोब विचारलं, इथे मंडळाचा लोगो टाकू का. काकांचं वाक्य ऐकवलं.

२३ ऑगस्ट, शनिवार. मारबत

इतवारीत एका ओळखीच्यांच्या गच्चीवर उभी होते. खाली मुंगीलाही जागा नाही. काळी मारबत आली, पिवळी आली, "घेऊन जा गे मारबत"चा गजर, ढोल इतका की गच्चीचा कठडा हातात थरथरत होता.

आमचे बडगे दिसले. पाट्या हलत होत्या, हे मी धरलंच नव्हतं. बडग्या माणसांच्या खांद्यावर डोलतो, पाटी डावीकडे झुकते तेव्हा माझा दहा अंशांचा कल संपतो आणि अक्षर सरळ उभं राहतं. उजवीकडे झुकली की वीस. दर दोन पावलांनी 'महागाई' थांबत होती आणि पळत होती. ही हालचाल मी काढलेली नाही, पण श्रेय घ्यायला माझी हरकत नाही.

'खड्ड्यांचा' फसला. गच्चीवरच्या काकूंनी 'खड्यांचा' वाचलं आणि मला विचारलं, खडे कसले? खालचा ड लांबून वरच्याच्या सावलीसारखा दिसतो. २ तारखेला मन खात होतं ते उगाच नव्हतं. संध्याकाळी बडग्या जळला, पाटीसकट, म्हणजे पुरावाही गेला.

३१ ऑगस्ट, रविवार

आवृत्ती १.१ साठी: 'ड्ड' आडव्या जोडणीत, पण अक्षरांमधली जागा आवळून. 'साधा' प्रत कायम बरोबर द्यायची. व्हिनाइलसाठी शब्द एकसंध करायची सूचना फाइलबरोबर मराठीत.

सकाळी काकांचा फोन. "येऊन जाय, एक गोष्ट दाखवतो." गोकुळपेठेत एका ठेल्याच्या मालकानं मिरवणुकीतल्या पाटीचा फोटो दाखवून तसंच अक्षर मागितलं होतं, 'तर्री पोहे'. काकांनी पिवळ्यावर लाल रंगवलेलं. वेलांटी आणि रफार माझेच, फटीसकट. 'र'चा पाय मात्र त्यांनी बदलला होता, खाली जाताना अजून बारीक, टोकाला जरासा वर उचललेला.

"तुहा र थोडा लंगडून राहिला होता," म्हणाले.

रंग ओला होता, म्हणून लांबूनच फोटो काढला. घरी आकारावर आकार ठेवून पाहिलं. पायाची जाडी टोकाकडे १४ युनिटांनी कमी केली, टोक ६ नं उचललं. 'रु', 'रू'ही मग बदलावे लागले. 'श्र' उद्या.